नायगारा नंतर बघा, आधी लेकीचं गाव बघा



अमेरिकेहून परतलेल्या बाईला आपल्याकडे ठरलेले प्रश्न विचारतात. नायगारा झाला का? न्यूयॉर्क पाहिलं का? वेगासला गेलात की नाही? लेक जिथे राहते ते गाव कसं आहे, हे विचारणारी क्वचितच भेटते. आणि कुणी विचारलंच तर उत्तरही ठरलेलं: "काही नाही हो, लहानसं गाव. बघण्यासारखं काही नाही तिथे."

हे उत्तर मला पटत नाही. आज त्याबद्दलच लिहिते आहे. माझं म्हणणं एवढंच, की मुलं ज्या लहान गावात संसार करतात ते गाव आपण आधी नीट बघावं. आठ दिवसांत आठ शहरं दाखवणाऱ्या सहली नंतर होतीलच. आणि गाव बघायचं म्हणजे पोस्टरवरचा एक फोटो काढून यायचं नाही. ते गाव कशावर उभं आहे, त्याचं पाणी कुठून येतं, तिथे कुणाचे हाल झाले, कुणाला आसरा मिळाला, हेही बघायचं.

माझी लेक आणि जावई आयडाहो राज्यातल्या ट्विन फॉल्स या गावात राहतात. यंदा एप्रिल ते सप्टेंबर मी तिथे होते. आयडाहो म्हणजे अमेरिकेचा पश्चिमेकडचा, डोंगराळ आणि कोरडा भाग. राजधानी बॉयसीहून गाडीने दोन तास लागतात. २०२० च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या ५१,८०७ होती, म्हणजे आपल्याकडचं तालुक्याचं गाव समजा. समुद्रसपाटीपासून उंची साधारण पावणेचार हजार फूट, आणि वर्षभराचा पाऊस सरासरी दहा इंचांच्या आसपास. हा पावसाचा आकडा लक्षात ठेवा, कारण या गावाची सगळी गोष्ट त्यातून निघते.

मी बी.कॉम. झालेली बाई. चाळीस वर्षं घरच्या वहीत जमाखर्च लिहिला. त्यामुळे कुठेही गेले की पहिला प्रश्न मनात येतो, हे सगळं चालतं कशावर? इतक्या कमी पावसात एवढं हिरवं कसं?

उत्तर एका धरणात आहे. आयरा पेरीन नावाचा माणूस १८८० च्या दशकात इथल्या स्नेक नदीच्या खोल दरीत गुरं घेऊन उतरला, तळाशी फळबाग केली. दरीच्या वर मात्र सगळं सेजब्रश नावाचं करडं झुडूप. तिथे नदीचं पाणी चढवायचं तर वरच्या अंगाला बांध घालून कालवे काढायला हवेत, आणि त्याला पैसा हवा. १८९४ साली अमेरिकेच्या सरकारने केरी कायदा केला होता. खासगी कंपनीने कालवे बांधायचे, राज्याने देखरेख करायची आणि वसाहतीला येणाऱ्या शेतकऱ्याने जमीन व पाणी विकत घ्यायचं, अशी ती योजना. पेरीनने भांडवलदार गोळा केले. १९०४ मध्ये गाव आखलं गेलं, १९०५ मध्ये मिल्नर धरण पुरं झालं. शेतकऱ्याला जमीन एकरी अर्ध्या डॉलरला मिळे आणि पाण्याचा हक्क एकरी पंचवीस डॉलरला. आता सांगा, जमिनीच्या पन्नासपट किंमत पाण्याची! तिथे विकलं जात होतं ते मुख्यतः पाणीच, जमीन त्याच्यासोबत आलेली. पैसे घालणाऱ्यांची नावं आजही नकाशावर आहेत. स्टॅनली मिल्नरचं धरणाला, फ्रँक बूलचं आणि पीटर किंबर्लीचं शेजारच्या दोन गावांना.

आज ट्विन फॉल्सच्या कालवा कंपनीचं पाणी दोन लाख एकरांहून जास्त जमिनीला जातं, आणि कंपनी शेतकऱ्यांच्याच मालकीची आहे. एकराला एक शेअर. आमच्या सांगलीकडे साखर कारखान्याचा शेअर ज्या जिव्हाळ्याने सांभाळतात, त्या जिव्हाळ्याने तिथले म्हातारे शेतकरी पाण्याच्या शेअरबद्दल बोलतात. सकाळी फिरायला जाताना मी रोज कालव्याच्या कडेने जात असे. गावाच्या पर्यटन पत्रकात कालव्याचा फोटो नाही. माझ्या मते पहिला फोटो त्याचाच हवा.

पत्रकावर फोटो असतो तो शोशोनी धबधब्याचा. उंची २१२ फूट, नायगारापेक्षा ४५ फूट जास्त. तिथली माणसं त्याला पश्चिमेचा नायगारा म्हणतात. मे महिन्यात आम्ही गेलो तेव्हा डोंगरातलं बर्फ वितळून नदी भरली होती. सगळ्या रुंदीभर पांढरं पाणी कोसळत होतं, तुषार थेट कठड्यापर्यंत येत होते, ऊन पडलं की इंद्रधनुष्य. पदर भिजून जड झाला. नात टाळ्या वाजवत होती. डोळे निवले, हे मान्य.

पण मी लेकीला म्हटलं, मला हाच धबधबा ऑगस्टमध्येही बघायचा आहे. ती म्हणाली, "आई, तेव्हा तिथे कुणी जात नाही. नुसता खडक असतो." आम्ही गेलो. खरंच, काळ्या खडकाचा उघडा कडा आणि त्यावरून उतरणाऱ्या थोड्या धारा. पर्यटकांच्या मोसमात देखाव्यासाठी दिवसा थोडं पाणी सोडावं लागतं, तेवढंच ते. बाकीची नदी कुठे गेली? वर मिल्नर धरणाशी ती कालव्यांत वळली, शेतांत गेली. उन्हाळ्याच्या ऐन भरात कधी कधी त्या धरणाखाली नदीत पाणी सोडलंच जात नाही. पुढे झऱ्यांचं पाणी मिळालं की नदी पुन्हा नदी होते.

काही पर्यटक चिडतात. एवढ्या लांबून आलो, प्रवेशाचे पैसे भरले आणि धबधबाच नाही! मला तसं वाटलं नाही. मेमध्ये जमेची बाजू बघितली होती, ऑगस्टमध्ये खर्चाची बघितली. ते पाणी वाया गेलेलं नाही, कुणाच्या तरी शेतात, कुणाच्या तरी ताटात गेलं आहे. दोन्ही पानं बघितल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. गावाचं नाव ट्विन फॉल्स, म्हणजे जुळे धबधबे. ते शोशोनीच्या थोडे वर आहेत. १९३५ साली तिथे वीजनिर्मितीसाठी बांध घातला गेला आणि जुळ्यांतला एक वाहायचा थांबला. जुळ्यांचं नाव लावणाऱ्या गावात आज एकच वाहतो. ही गोष्ट नातीला सांगितली तर ती म्हणाली, "आज्जी, मग दुसऱ्याचं पाणी कुठे गेलं?" मी म्हटलं, आपल्या घरातल्या दिव्यात. मुलांना धबधबा दाखवावा तो असा.

माझ्या सासूबाई सांगायच्या, पाणी तुपासारखं वापरा. आपल्या धर्मात पाण्याच्या थेंबातही जीव मानलेला, म्हणून गाळायचं आणि मोजकं वापरायचं. त्या वाळवंटी गावात मला ते शब्द फार आठवले. तिथे पाण्याचा कायदा असा, की ज्याने आधी हक्क नोंदवला त्याला आधी पाणी. दुष्काळात शेवटच्याला काहीच मिळत नाही. कालव्याचे जुने हक्कदार आणि बोअरच्या पाण्यावर शेती करणारे नवे यांचा वाद वर्षानुवर्षं चालला आहे. २०१५ मध्ये तडजोड झाली. २०२४ च्या मे महिन्यात राज्याच्या जलसंपदा खात्याने सुमारे पाच लाख एकरांवरचा भूजलाचा उपसा थांबवण्याचा हुकूम काढला, मग पुन्हा बोलणी होऊन समझोता झाला. नदीकाठच्या माणसांची भांडणं सगळीकडे सारखीच. ज्या गावात आपली नात मोठी होणार, तिथलं भांडण कशावरून आहे हे आज्जीला माहीत असलेलं बरं.

आता तुमच्या मनातला प्रश्न. आयडाहो म्हणजे बटाटा! तिथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरच "प्रसिद्ध बटाटे" असं इंग्रजीत छापलेलं असतं. अमेरिकेतला जवळजवळ एक तृतीयांश बटाटा या एका राज्यात होतो. आणि आपण कंदमूळ न खाणारे! गावी ही गोष्ट सांगितली की सगळ्या हसतात. पण तिथे सहा महिने माझी उपासमार झाली नाही. त्याच जमिनीत घेवड्याचं पीक मोठं आहे. पिंटो बीन्स म्हणजे ठिपक्यांचा राजमाच, आणि या भागात बियाण्यासाठीही घेवडा पिकवतात. भिजवून, जिरं-हिंग-ओलं खोबरं घालून उसळ केली, ती जावयांच्या डब्यात रोज जाऊ लागली. शेजारच्या बाईंनी बटाट्याचं पोतं आणून दिलं तेव्हा लेकीने त्यांना समजावलं, की आम्ही जमिनीखालचं खात नाही, उपटताना रोपाचा आणि मातीतल्या जिवांचा नाश होतो म्हणून. त्या शेतकरी घरच्या. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नांगरताना आम्हीही ते बघतो." पुढच्या आठवड्यात त्यांनी वाटाण्याच्या शेंगा आणून दिल्या. आपलं व्रत न लाजता, न मिरवता सांगितलं तर समोरचा समजून घेतो, असा माझा अनुभव आहे.

रात्रीभोजनाचा त्याग करणाऱ्यांसाठी आणखी एक गंमत. जूनमध्ये तिथे सूर्य मावळतो रात्री सव्वानऊनंतर. जावई कामावरून येऊन, आंघोळ करून, सगळे मिळून सावकाश जेवलो तरी ऊन बाकी असे. इथे माझी संध्याकाळी जी धांदल होते ती तिथे झाली नाही. डिसेंबरात मात्र पाचच्या सुमारास अंधार. तेव्हा लेक दुपारचाच डबा भरून नेते आणि साडेचारला कामाच्या ठिकाणी जेवून घेते. व्रत तिने सोडलेलं नाही, घड्याळ बदललं आहे.

गावाचं दुसरं प्रसिद्ध ठिकाण म्हणजे पेरीन पूल. दरीवरून गेलेला, दीड हजार फूट लांब, नदीपासून ४८६ फूट उंच. आधी १९२७ चा जुना पूल होता, आताचा १९७६ मध्ये पुरा झाला. या पुलावरून वर्षभर, परवानगी न काढता, पॅराशूट बांधून उड्या मारता येतात. जगभरातून माणसं त्यासाठी येतात. काही दगावलीही आहेत. तिथून थोड्या अंतरावर मातीचा एक उंचवटा अजून आहे. ८ सप्टेंबर १९७४ रोजी एव्हल निव्हल नावाच्या कसरतपटूने वाफेवर चालणाऱ्या अग्निबाणात बसून ही दरी ओलांडायचा प्रयत्न केला. पॅराशूट आधीच उघडलं, तो दरीत खाली गेला आणि वाचला. लोक आजही तो उंचवटा बघायला येतात.

याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मनुष्यजन्म एवढा दुर्लभ मानणाऱ्या आपल्याला हा खेळ झेपणारा नाही, आणि नातीला मी टाळ्या वाजवू दिल्या नाहीत. पण तिथे उभं राहून मी एक गोष्ट बघितली. उडी मारून वर आलेली ती मुलं पुलाजवळच्या हिरवळीवर बसून पॅराशूट घडी घालत होती. पैठणीची घडी घालताना आपण जेवढं जपतो त्याहून जपून. एकेक दोरी तपासायची, एकेक पदर सरळ करायचा, पुन्हा सुरुवातीपासून. कुणी बोलत नव्हतं. उडी काही सेकंदांची, घडी अर्ध्या तासाची. पुलावरच्या गर्दीला उडी दिसते. मला वाटतं, तिथे मुलांना न्यावं आणि घडी दाखवावी.

ज्या जागेसाठी मी हा लेख लिहायला घेतला ती गावापासून गाडीने अर्ध्या तासावर आहे. मिनिडोका. सहलीच्या कुठल्याही यादीत ती वरच्या नंबरला नसते.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी एक हुकूम काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार माणसांना घरं, दुकानं, शेतं सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते, तिथेच जन्मलेले. त्यांच्यावर कुठला खटला नाही, आरोप नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये मिनिडोकाची छावणी उघडली. ती १९४५ पर्यंत चालली आणि वॉशिंग्टन, ओरेगन, अलास्का इथून आणलेली एकूण १३ हजारांहून जास्त माणसं तिथे राहिली. डांबरी कागद ठोकलेल्या लाकडी बराकी, एका खोलीत एक कुटुंब, उन्हाळ्यात धूळ, हिवाळ्यात हाडं गोठवणारी थंडी. पुरुष युद्धावर गेल्यामुळे आसपासच्या शेतांना मजूर नव्हते, तेव्हा शर्करकंदाच्या म्हणजे साखरेच्या बिटाच्या काढणीला याच माणसांना नेलं. आणि याच छावणीतून सुमारे हजार तरुण अमेरिकेच्या सैन्यात गेले. आईबाप तारेच्या आत, मुलगा त्याच देशासाठी लढायला! त्यांच्या नावांचा फलक प्रवेशापाशी आता पुन्हा उभा केला आहे.

आज तिथे बघायला फार काही नाही. दगडी भिंतीचे अवशेष, नव्याने उभारलेला पहाऱ्याचा मनोरा, एखादी बराक, आणि शेजारून वाहणारा कालवा. युद्धानंतर ती जमीन सैनिकांना चिठ्ठ्या टाकून वाटली, म्हणून छावणीच्या बऱ्याच भागावर आता शेती आहे. २००१ मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली. १९८८ मध्ये सरकारने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर दिले.

कालव्याच्या कडेला मी उभी होते. माझी नात तिथे जन्मली. तिच्याकडे त्या देशाचा पासपोर्ट आहे आणि आम्ही सगळे त्यावर निश्चिंत असतो. त्या छावणीतल्या बहुतेक मुलांकडेही जन्माचा दाखला अमेरिकेचाच होता. मैत्रिणींनो, मी कुणाला घाबरवत नाही. तिथले शेजारी माझ्या लेकीशी प्रेमाने वागतात, हे मी वर लिहिलंच आहे. पण ज्या देशात आपली मुलं राहतात त्याने काय काय केलं आहे, आणि नंतर ते कबूल करून दगडावर कोरून ठेवलं आहे, या दोन्ही गोष्टी आपल्याला माहीत हव्यात. आपण तिथले मॉल पाठ करून येतो. मिनिडोकासाठी दोन तास काढायला काय हरकत आहे? आपल्याकडे रोज प्रतिक्रमणात झालेल्या दोषांची आठवण करतात. एखादा देश तेच करतो तेव्हा कसं दिसतं, ते मला त्या फलकापाशी दिसलं.

त्याआधीच्या माणसांची आठवणही तिथे ठेवायला हवी. धबधब्याला ज्यांचं नाव आहे ते शोशोनी लोक या नदीचे मूळचे. समुद्रातून येणारे सामन मासे या कड्यापर्यंतच येऊ शकत, पुढे चढू शकत नसत, आणि खालच्या डोहांवर या लोकांचा निर्वाह चाले. आज त्यांचं राखीव क्षेत्र पूर्वेला फोर्ट हॉल इथे आहे. नाव धबधब्याला राहिलं, माणसं दुसरीकडे गेली.

त्याच गावाची दुसरीही बाजू आहे. तिथल्या महाविद्यालयाने १९८० च्या दशकापासून निर्वासितांना वसवण्याचं केंद्र चालवलं. युद्धातून पळून आलेली कितीतरी कुटुंबं तिथे भाषा शिकून कामाला लागली. २०१२ च्या डिसेंबरात चोबानी कंपनीचा दह्याचा प्रचंड कारखाना तिथे सुरू झाला. मालक हमदी उलुकाया स्वतः तुर्कस्तानातून आलेला कुर्द माणूस, त्याने निर्वासितांना नोकऱ्या दिल्या. त्यावरून २०१६ च्या आसपास वाद पेटला, खोट्यानाट्या बातम्या पसरल्या. तरी माणसं राहिली, कारखाना वाढला. मिनिडोकापासून इतक्या जवळ हे घडलं, म्हणून मला ते जास्त मोलाचं वाटतं.

दह्याबद्दल मात्र एक खटकतं, ते लिहिते. त्या भागातले गोठे हजारो गाईंचे. वाऱ्याची दिशा बदलली की वास घरात येतो. उघड्या आवारात रांगेने उभ्या असलेल्या गाई मी बघितल्या आणि मला दुधाचा चहा आठवडाभर गोड लागला नाही. अमेरिकेत दही घेताना डब्यावर जिलेटिन आहे का ते वाचा, चीज घेताना रेनेट कशापासून केलं आहे ते बघा, हे तर आपण एकमेकींना सांगतोच. पण त्या डब्यामागे गाय कशी राहते हा प्रश्न डब्यावर छापलेला नसतो. तो गावात राहूनच कळतो. आता लेकीच्या घरी दूध लागतं तेवढंच आणतात, फुकट जाऊ देत नाहीत. तोडगा नव्हे हा, पण काहीच न करण्यापेक्षा बरा. तसंच ट्राउट माशांचे तलाव. हजार झऱ्यांची दरी म्हणून ओळखला जाणारा परिसर गावाच्या पश्चिमेला आहे. लाव्हाच्या खडकात मुरलेलं पाणी कित्येक मैल जमिनीखालून येऊन कड्याच्या मधूनच बाहेर पडतं. निळंशार, काचेसारखं. त्याच पाण्यावर मासे पाळायचा मोठा धंदा चालतो. मी झरे बघितले, तलावांकडे गेले नाही. प्रत्येकीने आपल्यापुरतं ठरवावं.

यावर माझ्या मैत्रिणी दोन हरकती घेतात, आणि त्या खोट्या नाहीत. पहिली, की अशा गावात मंदिर नाही, आपलं माणूस नाही, सहा महिने करायचं काय? खरं आहे. जवळपास जैन मंदिर नाही. सकाळी फोटोपुढे णमोकार, एक सामायिक, आणि पर्वाच्या दिवसांत फोनवरून प्रवचन, एवढ्यावर भागवावं लागतं. दुसरी हरकत, की गाडी चालवता येत नसेल तर बाई घरात अडकते. हेही खरं. मीही लेक-जावयांच्या सुट्टीवर अवलंबून होते. पण याला उपाय मोठ्या शहराची पाच दिवसांची सहल नव्हे. सहल संपली की तीच बाई त्याच घरात परत येते. चालत जाण्यासारखं जे आहे ते शोधा. दरीच्या काठाने पायवाट आहे, ग्रंथालय आहे, महाविद्यालयात हेरेट सेंटर नावाचं संग्रहालय आणि तारांगण आहे. नातीबरोबर तिथे एक दुपार गेली की आठवडाभर बोलायला विषय मिळतो. आणि सुट्टीच्या एका दिवशी दीड-दोन तासांवरच्या क्रेटर्स ऑफ द मूनला जा. काळा लाव्हा मैलोन् मैल पसरलेला. १९६९ मध्ये चंद्रावर जाणाऱ्या अंतराळवीरांनी तिथे सराव केला होता.

खरी गोष्ट मला वेगळीच वाटते. आपण मुलांच्या गावाला "काही नाही तिथे" म्हणतो तेव्हा मुलं ऐकत असतात. त्यांनी तिथे घर घेतलं, कर्ज फेडत आहेत, तिथल्या थंडीत पहाटे गाडीवरचं बर्फ खरवडून कामाला जातात, तिथल्या शाळेत मूल घातलं. आपल्या एका वाक्याने त्यांच्या आयुष्याची किंमत आपण शून्य लावतो. माझ्या ओळखीतल्या एका घरी मुलगा आता आईला बोलावतच नाही, दरवेळी परस्पर सहलीची तिकिटं काढून देतो. आईला वाटतं, किती हौसेने फिरवतो! त्याला काय वाटत असेल ते मी सांगायला नको.

म्हणून पुढच्या वेळी जाल तेव्हा पहिले पंधरा दिवस गावासाठी ठेवा. पाणी कुठून येतं ते विचारा. सगळ्यात जुनी इमारत कोणती, सगळ्यात दुःखाची जागा कोणती, शेतात काय पिकतं, कारखान्यात कोण काम करतं, हे विचारा. लेकीला माहीत नसेल तर दोघी मिळून शोधा. माझ्या लेकीला तिथे राहून सहा वर्षं झाली, पण मिनिडोकाला ती माझ्याबरोबर पहिल्यांदा आली. आता तिच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना ती आपणहून घेऊन जाते.

तुमची मुलं कुठल्या लहान गावांत आहेत, तिथे तुम्ही काय बघितलंत, ते मला नक्की लिहून कळवा. मोठ्या शहरांचं राहू द्या, त्यांची वर्णनं भरपूर वाचली आहेत.